टाकी खाली छे

वाल्मिक बोरसे दूध हुंगल्याशिवाय पीत नाही. सुरतेतल्या लिंबायत भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत अठरा वर्षं एकाच माणसाकडचं दूध येतंय, बायको रंजना ते त्याच्या डोळ्यांदेखत तापवते, तरी हा पेला नाकाशी नेतो, डोळे बारीक करतो आणि मगच घोट घेतो. रिक्षावाल्याने जवळचा रस्ता घेतला तर याला प्रश्न पडतो, हा इतका चांगला का वागतोय? शेजारणीने वाटीभर शेवभाजी पाठवली तर हा विचारणार, आज काय काम काढलंय त्यांनी? आणि या स्वभावाचा त्याला अभिमान! "आपल्या नाकाला कुणी फसवू शकत नाही," असं तो येताजाता सांगायचा. मंडळी, असा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल. नसला तर एकदा आरशात बघून घ्या.

तर अशा या वाल्मिकच्या मिलमध्ये नूतन सोनवणे नावाची सेफ्टी ऑफिसर आली आणि त्याची झोप उडाली.

मिल सुरतेजवळच्या सचिन गावाला, कापड रंगवायची. वाल्मिक तिथे बावीस वर्षं. हेल्पर म्हणून लागला तो सुपरवायझर झाला. रंगाचं घाण पाणी जिथे साठतं ती जमिनीखालची मोठी टाकी त्याच्या ताब्यात. दर काही महिन्यांनी मोटर लावून पाणी उपसायचं आणि तळाचा गाळ माणसं उतरवून काढायचा, हे त्याचं खास काम.

"मालकाची हेर आहे ती," जेवताना तो रंजनाला म्हणाला. "लिहून ठेव."

"मालकाला हेर कशाला लागतो? गल्लोगल्ली कॅमेरे लावलेत की."

"कॅमेरा प्रश्न विचारत नाही. ही विचारते. लाल वही घेऊन फिरते आणि जो बोलेल त्याचं लिहिते."

"तुम्हाला काय विचारलं?"

वाल्मिकने भाकरीचा तुकडा उगाच दोनदा मोडला. "म्हणाली, बोरसेकाका, टाकीचं काम तुम्ही कुठं शिकलात?"

"मग?"

"कामरेजला, म्हटलं."

रंजनाने भिंतीकडे पाहिलं. देवाच्या तसबिरीशेजारी सोनेरी फ्रेममध्ये एक कागद होता. वर वाल्मिकचा फोटो, खाली मोठा शिक्का, आणि मधे लिहिलेलं की वाल्मिक बोरसे यांनी बंदिस्त जागेतील कामाच्या सुपरवायझरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण कामरेज येथे पूर्ण केलं आहे. रंजना अधूनमधून त्या फ्रेमलाही हळदीकुंकू लावायची. आमच्या यांनी परीक्षा दिली, हे तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं.

परीक्षा! वाल्मिक कामरेजला गेला होता तो एका लग्नाला. मिलचे मॅनेजर छगनभाई यांनी दोन फोटो आणि एक सही मागितली होती, वाल्मिकने दिली होती, आणि आठ दिवसांनी कागद हातात आला होता. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणाऱ्या या माणसाने त्या कागदावर मात्र एकदाही संशय घेतला नाही. कसा घेणार? त्यावर स्वतःचा फोटो होता ना!

"तिचं काय ते सर्टिफिकेट असेल ते असेल," तो पुढे म्हणाला. "बीएस्सीनंतर वर्षभराचा डिप्लोमा केलाय म्हणे. वर्षभर! टाकीत उतरायला वर्ष लागतं का? मी एका सकाळी शिकलो. तेव्हा टाकीवर असलेल्या उखाबाबांनी पाठीत धपाटा घातला, उतरलो."

पलीकडे लोटू मान खाली घालून जेवत होता. लोटू हा रंजनाचा धाकटा भाऊ. वय चौतीस, बायको आणि दोन मुली साक्रीकडच्या गावी. तीन आठवड्यांपूर्वी वाल्मिकनेच त्याला मिलमध्ये चिकटवलं होतं. एरवी हा बडबड्या, पण नूतनचं नाव निघालं की गप्प व्हायचा. वाल्मिकने ते बरोबर टिपलं.

"काय रे, तुला काही विचारलं का तिनं?"

"नही दाजी," लोटू घाईघाईने म्हणाला. "माले कसाले विचारी ती?"

इतकं घाईने दिलेलं उत्तर खरं असतं का कधी? वाल्मिकच्या डोक्यात भुंगा शिरला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाळत ठेवली. दुपारच्या सुट्टीत लोटू डबा न खाता स्टोअरच्या मागे गेला. तिथे नूतन उभी होती. ती काहीतरी सांगत होती आणि लोटू मान हलवत होता. तिने वहीत काहीतरी लिहिलं. वाल्मिक कापडाच्या गाठीआड उभा राहिला, पण मशीनच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. अस्सं! म्हणजे घरातलाच माणूस फोडला हिने. मेहुण्याकडून माझी माहिती काढते आहे. कामरेजचं खोटं बाहेर काढणार, माझी जागा घालवणार!

त्याच संध्याकाळी ती त्याच्याकडे आली. पंचविशी ओलांडलेली, पायात जड बूट, डोक्यावर हेल्मेट, बोलणं साधं.

"बोरसेकाका, कामरेजला ट्रेनिंग नेमकं कुठं झालं होतं?"

"हायवेजवळ."

"शिकवायला कोण होतं?"

"होते एक सर. चष्मेवाले."

"टाकीत उतरण्याआधी हवा कुठं-कुठं तपासायची सांगितली होती त्यांनी?"

"मॅडम," वाल्मिक म्हणाला, "तुम्ही बालवाडीत होतात तेव्हापासून मी गाळ काढतोय. माझं नाक आहे. वास आला तर थांबायचं, गेला की उतरायचं. झालं!"

नूतनने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग वहीत लिहिलं. आणि जाताना बजावून गेली, "मी यंत्राने हवा मोजून परवाना लिहिल्याशिवाय त्या टाकीत कुणीही उतरायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

आता बघा, दोघंही एकमेकांवर संशय घेत होते. फरक एवढाच की वाल्मिकला वाटत होतं ही बाई आपल्याला बुडवणार, आणि नूतनला वाटत होतं हा माणूस कुणाचा तरी जीव घालवणार.

इकडे छगनभाईंना घाई. सोमवारी मिल बंद, त्याच दिवशी टाकी साफ व्हायला हवी, मंगळवारी पाणी सोडायचंय. वाल्मिकने ठरवलं की मॅडम यायच्या आत काम उरकून टाकायचं. मग बस म्हणावं वही घेऊन! शनिवारी तो मुद्दाम तिच्याकडे गेला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, सोमवारी किती वाजता येणार?"

"नऊला," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सातलाच मोटर सुरू झाली. साडेसातला पाणी संपलं. वाल्मिकने टाकीच्या तोंडाशी वाकून हुंगलं. सडक्या अंड्यासारखा वास आला. थोडा वेळ थांबून पुन्हा हुंगलं. आता काहीच नाही. "गेला वास," तो समाधानाने म्हणाला. त्याने सवयीप्रमाणे पाटी घेतली, खडूने तिच्यावर मराठी अक्षरांत एक शब्द लिहिला आणि टाकीच्या तोंडाशी टांगली.

खाली.

सुरतेत बावीस वर्षं राहून वाल्मिकची जीभ गुजराती झाली होती. टाकी खाली छे, म्हणजे टाकी रिकामी आहे. मिलमध्ये सगळे असंच लिहीत. "मी मोटरची लाइन बंद करून येतो," तो लोटूला म्हणाला. "पाटी बघ आणि तयारीत राहा."

लोटूने पाटी बघितली. तीन आठवड्यांपूर्वी गावाहून आलेल्या माणसाला खाली म्हणजे खालीच! त्याच्या बोलीत खाले. दाजींनी लिहिलंय, खाली जा. तयारी तर झालीच होती. त्याने शिडीवर पाय ठेवला.

वाल्मिक परत येत होता तेव्हा फाटकातून नूतनची स्कूटर आत शिरली. पावणेआठला! तिने हेल्मेटही न काढता हाक मारली, "टाकीजवळ कोण आहे?" आणि त्याच क्षणी आतून लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"लोटू!" वाल्मिक ओरडला आणि धावत सुटला. आत वाकून पाहिलं तर लोटू शिडीवरून सुटला होता आणि मान टाकून लोंबकळत होता. वाल्मिकने शिडीवर पाय टाकलाच होता की मागून कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला असा खेचला की तो पाठीवर आपटला.

"आत जायचं नाही!" नूतन ओरडली.

"माझा मेहुणा आहे तो! सोडा!"

"तुम्ही गेलात तर दोन होतील! मग तुम्हाला काढायला तिसरा जाईल! दोरी बघा, काका, दोरी!"

तेव्हा वाल्मिकला दिसलं. लोटूच्या अंगावर पट्टा होता. छातीवरून, मांड्यांतून नीट बांधलेला. पट्ट्याची दोरी वरच्या लोखंडी गर्डरला अडकवलेली होती. तिनेच तो लोंबकळत राहिला होता, नाहीतर तळाच्या गाळात गेला असता. आता फाटकावर बसणारे म्हातारे उखाबाबा धावत आले. तिघांनी मिळून दोरी ओढली. वाल्मिकचे तळहात सोलून निघाले. लोटू बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ काळे पडले होते.

नूतनने त्याला मोकळ्या हवेत ओढलं, उखाबाबांना एकशे आठला फोन लावायला सांगितलं आणि लोटूच्या छातीवर कान ठेवला. वाल्मिक नुसता बघत उभा. बहिणीला काय सांगायचं याच्या? त्या दोन मुलींना काय सांगायचं? देवा, एवढा एक वाचव!

लोटू खोकला. मग पुन्हा खोकला. वाल्मिक भर आवारात रडू लागला.

ॲम्ब्युलन्स लोटूला घेऊन गेली. उखाबाबा सोबत गेले. नूतनने हवा मोजायचं यंत्र दोरीला बांधून टाकीत सोडलं. हातभर गेलं नसेल तोच ते किंचाळू लागलं.

"पण वास गेला होता," वाल्मिक पुटपुटला. "मी दोनदा हुंगलं."

"वास गेला नव्हता, काका. तुमचं नाक गेलं होतं. हा गॅस आधी सडक्या अंड्यासारखा येतो आणि मग नाकच बधिर करतो. वास थांबला की माणसाला वाटतं हवा साफ झाली, आणि तो उतरतो. हेच मी वर्षभर शिकले. आणखी काही नाही."

वाल्मिकची नजर पाटीवर गेली. "मी लिहिलं रिकामी, त्याने वाचलं खाली उतर. माझ्या शब्दाने घात केला."

"शब्दावर ढकलू नका," नूतन शांतपणे म्हणाली. "त्याने बरोबर वाचलं असतं, तरी पाच मिनिटांनी तुम्हीच त्याला खाली पाठवणार होतात."

वाल्मिकने पाटी काढून उलटी ठेवली.

"आणि पट्टा?" त्याने विचारलं.

"चार दिवस मी त्याला स्टोअरमागे बांधायला शिकवत होते. दाजी हसतील म्हणून तो चोरून शिकायचा. मी त्याच्याकडून शपथ घेतली होती, मी नसले तरी पट्ट्याशिवाय टाकीजवळ जायचं नाही."

"आणि तुम्ही आज इतक्या लवकर?"

"बावीस दिवसांत तुम्ही मला कधी नमस्कार केला नाहीत, काका. शनिवारी एकदम गोड बोललात. मला संशय आला."

दुपारी दवाखान्यातून निरोप आला, लोटू शुद्धीवर आहे. आणि लगेच छगनभाईंनी वाल्मिकला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. वाल्मिकला आयुष्यात पहिल्यांदा त्या चहावर योग्य तोच संशय आला.

"वाल्मिकभाई, उद्या तपासणीला साहेब येतील," छगनभाई म्हणाले. "टाकीचा सुपरवायझर कोण? तमे. सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं? तमारा. सगळं तुमच्या गळ्यात येणार. पण तमे खाली एटलुं लखी आपो के बेने हा पाडी हती."

खाली एटलुं. म्हणजे फक्त एवढंच. फक्त एवढंच लिहून द्या की मॅडमनी परवानगी दिली होती. एकाच दिवसात हा शब्द दुसऱ्यांदा समोर आला, आणि या वेळीही तो खालीच नेणार होता. वाल्मिकने चहा तसाच ठेवला. "उद्या सांगतो," म्हणाला आणि बाहेर पडला.

घरी रंजना दवाखान्यातून नुकतीच आली होती. डोळे सुजलेले. तिने आल्याआल्या देवापुढे हात जोडले आणि मग त्या सोनेरी फ्रेमपुढेही.

"त्याला हात नको जोडूस," वाल्मिक म्हणाला.

"का वो? काय व्हयनं?"

त्याने सगळं सांगितलं. कामरेजचं लग्न, दोन फोटो, एक सही. आणि छगनभाईंचा चहा. रंजनाचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मी याला हळदीकुंकू लावलं," ती म्हणाली. "आणि याच्याच भरवशावर माझा भाऊ तुमच्या हाती दिला. दूध हुंगता रोज! हा कागद एकदा हुंगला असता तर?"

"नोकरी जाईल, रंजना. खरं बोललो तर जाईल."

"जाऊ द्या! ज्या पोरीनं माझ्या भावाला दोरी बांधली, तिच्या गळ्यात तुम्ही दोरी बांधणार? आणि संध्याकाळी माझ्या हातचं जेवणार?"

वाल्मिकने फ्रेम उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. छगनभाई कोरा कागद आणि पेन घेऊन तयार होते. वाल्मिकने पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, हे सर्टिफिकेट खोटं आहे. मी एक दिवसही ट्रेनिंगला गेलो नाही. हे मला याच केबिनमधून मिळालं. मॅडमनी मनाई केली होती, मी त्या यायच्या आत चोरून टाकी उघडली. गुन्हा माझा आहे." मग तो नूतनकडे वळला. "मॅडम, लिहा माझं नाव तुमच्या लाल वहीत."

नूतनने वही त्याच्यापुढे उघडली. वाल्मिकला वाटलं होतं तिथे त्याच्या चुका असतील. तिथे पानापानावर टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव होतं, त्याला कुठली भाषा वाचता येते, दम लागतो का, घरी कळवायला कुणाचा फोन. लोटूच्या पानावर खाली लिहिलेलं: गुजराती वाचता येत नाही, पाट्या मराठीत हव्यात. आणि वाल्मिकच्या पानावर एकच ओळ: अनुभव खूप, शिक्षण नाही, शिकवलं तर उत्तम सुपरवायझर.

शरमेने त्याला मान वर करवेना.

पुढचं थोडक्यात सांगतो. छगनभाईंची चौकशी लागली आणि त्यांना मिल सोडावी लागली. वाल्मिकची सुपरवायझरी गेली, तो पुन्हा हेल्पर झाला. नूतनने मालकाला स्पष्ट सांगितलं की टाकीचं काम शिकलेल्या माणसाशिवाय होणार नाही, आणि या माणसाला शिकायला पाठवा. सेहेचाळिसाव्या वर्षी वाल्मिक बाकावर बसला. पहिल्या परीक्षेत नापास झाला! घरी येऊन चिडला, पेपर काढणाऱ्यावर संशय घेतला, मग रंजनाने डोळे वटारल्यावर पुन्हा पुस्तक उघडलं. दुसऱ्या खेपेला पास झाला. तो कागद फ्रेममध्ये गेला नाही. तो खिशात असतो, घडी पडलेला, कोपऱ्यावर रंगाचा डाग.

परवा पुन्हा टाकी उपसली. पाटी टांगलेली होती, मराठी, गुजराती आणि हिंदीत: टाकी रिकामी आहे, उतरू नका. वाल्मिकने यंत्र सोडलं, वर मोजलं, मधे मोजलं, तळाशी मोजलं. आकडे ठीक आले. त्याने डोळे बारीक केले आणि तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजलं. मग पंखा चालू आहे का पाहिलं, नूतनने परवान्यावर केलेली सही वाचली, बाहेर दोरी धरायला कोण आहे ते पाहिलं, आणि लोटूच्या पट्ट्याची प्रत्येक कडी ओढून पाहिली.

"दाजी, आता तरी उतरू का?" लोटू वैतागला. "केवढा संशय घेता!"

"तुझ्यावर नाही रे," वाल्मिक म्हणाला. "टाकीवर घेतो. ते शिकून आलोय मी."

मंडळी, आपण संशय घ्यायला कमी नाही, पण तो भलत्यावर घेतो. प्रश्न विचारणाऱ्या बाईवर घेतो, शिक्का मारलेल्या कागदावर घेत नाही. शिक्षण न घेता मिळवलेलं प्रमाणपत्र हे नुसतं खोटं नसतं, ते दुसऱ्याच्या जिवावर केलेली सही असते. तेव्हा तुमच्या कारखान्यात, इमारतीत, लिफ्टपाशी, गॅसच्या टाकीपाशी कुणी छातीठोकपणे म्हणालं की काळजी नको, मी आहे, तर लाजू नका. नूतनने विचारला तोच साधा प्रश्न विचारा: दादा, हे तुम्ही कुठं शिकलात?

आणि कुणी तो तुम्हाला विचारला, तर रागावू नका. त्याच्या हातात कदाचित तुमचीच दोरी असेल.